सस्पेन्स खात्यातली थरथर

मराठी माणसाला कुठल्याही दुखण्यावर एकच औषध ठाऊक आहे, आणि ते म्हणजे 'सवय होईल'. नवा बूट चावतोय? सवय होईल. वरच्या मजल्यावर तबल्याची शिकवणी सुरू झाली? सवय होईल. लग्नाच्या आदल्या रात्री आमच्या थोरल्या बंधूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच दोन शब्द उच्चारले होते, आणि ते खरे ठरले हे मी सौ.च्या समक्षही कबूल करतो. पण मोटरसायकलचं हँडल म्हणजे काही संसार नव्हे. ते नटबोल्टांनी जोडलेलं असतं. सबब, हँडलच्या थरथरीबाबत 'सवय होईल' म्हणणाऱ्या तमाम इसमांविरुद्ध मी आज जाहीर तक्रार दाखल करत आहे.

आधी अर्जदाराची माहिती. वय ४६, शिक्षण बी. कॉम., व्यवसाय बँकेत कारकुनी. २०२४ सालच्या बाराव्या द्विपक्षीय करारानं आम्हा कारकुनांचं 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं बारसं केलं आणि सोबत पगारवाढीची थकबाकीही दिली. नावाचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही; थकबाकीचं मात्र लगेच कळलं. त्याच सुमारास माझी बदली शिरवळला झाली होती. धनकवडीहून जाऊन-येऊन रोज ८०-८५ किलोमीटर. तेव्हा थकबाकीत थोडं कर्ज मिसळून, कॉलेजात असल्यापासून मनात होती तसली, पुढे वाकून बसायची, एका सिलिंडरची लाल-काळी स्पोर्ट्‌स मोटरसायकल घेतली. "अहो, स्कूटर घ्या की. डबा ठेवायला जागा तरी असते," सौ. म्हणाली. डब्याचा मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच मी त्याला उत्तर दिलं नाही.

कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर अब्रुनुकसानीच्या खटल्याला लागेल एवढी रजा माझ्या खात्यावर शिल्लक नाही, आणि दुसरं म्हणजे, पुढे दिसेलच, दोष तिचा नव्हता. फक्त 'कंपनी' या शब्दाच्या सुरुवातीलाच 'कंप' आहे, हे कंपनी कायद्याचा पेपर दोनदा लिहूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

तर कंप. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेपाच हजारांच्या पुढे सरकला, की हँडलमध्ये कुठून तरी भुंगा शिरायचा. सहा हजारांवर तो ऐन भरात यायचा. आरशात मागून येणाऱ्या एका ट्रकचे दीड ट्रक व्हायचे. साडेसहा हजारांनंतर भुंगा आल्या वाटेनं निघून जायचा. आता कुणी म्हणेल, मग त्या आकड्याला जाता कशाला? आमच्या शेजाऱ्यांनी हाच सल्ला दिला. पण कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला लागलं, की पुढच्या कंटेनरला ओलांडायला जो गिअर आणि जो वेग लागतो, त्याचा आकडा नेमका हाच. ज्या गल्लीत कुत्रं चावतं त्या गल्लीत जाऊ नये हे ठीक. पण आपलं घरच त्या गल्लीत असलं तर?

शिरवळला उतरलो, की पहिला अर्धा तास बोटं माझी नसायची. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांना मुंग्या. एका सोमवारी मी स्वतःच्याच खात्यातून पैसे काढायची स्लिप भरली. शेजारच्या खिडकीतल्या माझ्याच सहकाऱ्यानं संगणकावर नमुना सही काढली, स्लिपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सही जुळत नाही हो." गेली वीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवत आलो आहे. ते काउंटरच्या बाहेरच्या बाजूनं कसं ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला. सौ. हसली नाही. त्याचं कारण असं, की आमच्या अण्णांना शेवटची सात वर्षं कंपवात होता. पेन्शनच्या कागदावरची त्यांची ती वळणदार सही आधी बारीक झाली, मग वाकडी झाली आणि शेवटी अंगठा झाली. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही घरातले सगळे 'वय झालं, हात थरथरायचाच' असं म्हणत राहिलो. डॉक्टर आमच्यावर रागावले नाहीत. "इतके दिवस काय करत होतात?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सौ.नं मला न विचारता रक्त तपासायला नेलं. साखर बेताची निघाली. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, डोळे मिटून बोट नाकाला लावायला लावलं (ते लागलं, माझं नाक चुकणं कठीण आहे) आणि विचारलं, "रोज काही थरथरणारं धरता का हातात?"

"मोटरसायकल."

"मग आधी तिला दाखवून या."

मी तिला घेऊन शोरूमला गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली. म्हणजे ताशी वीसच्या वेगानं. "सर, स्पोर्ट्‌स बाइक आहे. सिंगल सिलिंडर आहे. नॉर्मल आहे. सवय होईल." आमच्या हेडकॅशिअरनं जेल भरलेले हातमोजे सुचवले. एका दुकानदारानं हँडलच्या टोकांना लावायची पावशेर-पावशेर वजनाची लोखंडी बोंडं दाखवली. पुतण्या फोमच्या जाडजूड मुठी घेऊन आला. "काका, या चढवा. काही कळणारच नाही तुम्हाला."

नेमका हाच माझा आक्षेप आहे. मला कळायला हवं आहे.

बँकेत दिवसाअखेर हिशेब जुळला नाही, तर फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाता येतं. सस्पेन्स खातं ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. त्याच्याशिवाय निम्म्या कारकुनांनी रात्री शाखेतच अंथरुणं टाकली असती. पण तिथे टाकलेला फरक मिटत नाही. तो तिथे मांडी घालून तपासनिसाची वाट पाहत बसतो. आणि फरक सतरा रुपयांचा दिसला, तरी तो एका सतरा रुपयांच्या चुकीचा असेलच असं नाही. एका बाजूला लाखाची आणि दुसऱ्या बाजूला त्यापेक्षा सतरा रुपयांनी कमी, अशा दोन चुकाही असू शकतात. फोमच्या मुठी, जेलचे मोजे आणि लोखंडी बोंडं ही मोटरसायकलची सस्पेन्स खाती आहेत. वहीतली एकही नोंद न तपासता थेट तिथे हात घालणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात मेमो मिळतो. मोटरसायकलच्या खात्यात त्याला 'जाणकार' म्हणतात.

तेव्हा मी वही काढली.

एका सिलिंडरच्या इंजिनात एकच दट्ट्या वर-खाली पळत असतो. सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा वर आणि शंभर वेळा खाली. एवढी पळापळ झाल्यावर घर हादरणारच. ते हादरू नये म्हणून क्रँकला उलट बाजूनं वजन दिलेलं असतं. पण ते दट्ट्याच्या पुरेपूर बरोबरीचं दिलं, तर वर-खालीचा धक्का जाऊन तेवढाच मागे-पुढे सुरू होतो. म्हणून क्रँकला अर्धंमुर्धं वजन द्यायचं आणि उरलेल्यासाठी त्याच वेगानं उलटा फिरणारा आणखी एक वजनी दांडा बसवायचा, असा तोडगा असतो. माझ्या गाडीत तो दांडा आहे. तरी थोडी बाकी उरतेच. तेव्हा टायवाला मुलगा म्हणत होता त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण 'थोडी थरथर असते' आणि 'ही थरथर तीच आहे' यांच्यामध्ये एक पूर्ण तपासणी असते, आणि तीच त्यानं केली नव्हती.

उलट चाकाचं बघा. ताशी ऐंशीला माझं पुढचं चाक सेकंदाला साधारण बारा वेळा फिरतं. टायर एका बाजूला जड असला किंवा रिम वाकडी असली, तर हाताला सेकंदाला बारा धक्के बसणार. बारा धक्के म्हणजे डुलणं. शंभर धक्के म्हणजे झिणझिण्या. बारा आणि शंभर यांतला फरक ओळखायला बी. कॉम.सुद्धा व्हावं लागत नाही. तरीही दर चौथा माणूस मला चाक बॅलन्स करून घ्यायला सांगत होता. (मी ते करूनही घेतलं. चाकाला बरं वाटलं असेल. मला वाटलं नाही.)

रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना मी तपासाला निघालो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ऐंशी: भुंगा हजर. त्याच ऐंशीला सहावा गिअर: भुंगा गायब. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी साठ: पुन्हा हजर. म्हणजे भुंगा वेगाच्या मागे नव्हता, इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे होता. पक्कं करायला सरळ रिकाम्या रस्त्यावर, चौथ्यात ऐंशी असताना, क्षणभर क्लच दाबला. वेग तोच, इंजिन शांत, आणि हँडल देवघरातल्या समईसारखं निश्चल. चाक, टायर आणि चेन एका फटक्यात निर्दोष सुटली. (हँडलचे दोन्ही हात सोडून 'बघू डुलतं का' अशी परीक्षा काही शूर लोक घेतात. ती घेऊ नये. डुलण्याची शंका असली तर पुढचं चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. मध्यावर अडखळलं तर कोनसेट गेला.)

आता भुंगा सहा हजारांनाच का? एस.टी.च्या थांबलेल्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक आहे. इंजिन मंद घुरघुरत असतं तेव्हा खिडकीच्या काचा दाताखिळी बसल्यासारख्या कडकडतात. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबला की आवाज दुप्पट होतो आणि काचा मात्र गप्प. प्रत्येक वस्तूचा आपला एक आवडता ठेका असतो. बाहेरून तो ठेका मिळाला, की ती नाचते. हँडलचाही असतो. टोकाला जड बोंड लावलं की नळी जड होते, तिचा ठेका खाली उतरतो आणि भुंगा दुसऱ्या आकड्यावर राहायला जातो. तुम्ही त्या आकड्याला फारसे जात नसलात, तर छान. पण भुंगा मुळात घरात आला कुठून, हे बोंड सांगत नाही. ते त्याची बदली करते. बदलीनं माणूस सुधारत नाही, हे शिरवळच्या शाखेत कुणालाही विचारा.

भुंगा ठेक्यावर नाचत होता हे खरं, पण नवी गाडी घेतली त्या पहिल्या आठवड्यात तो इतका मस्तवाल नव्हता. हे मला वहीत लिहिताना आठवलं. मग मधे काय घडलं? पहिल्या सर्व्हिसिंगला मी गाडीला क्रॅश गार्ड बसवून घेतलं होतं. गाडी पडली तर टाकी वाचावी म्हणून. सौ.च्या मते आधी मी वाचावं, पण तसलं गार्ड त्यांच्याकडे नव्हतं.

इथे मी नाना पेठेतल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालवलीच नाही. सुरू केली, जागेवरच सहा हजारांपर्यंत नेली, आणि एक हात टाकीवर, मग फुटरेस्टवर, मग सांगाड्यावर असा वैद्यानं पोट तपासावं तसा फिरवत पुढे आले. गार्डच्या मुळाशी हात थांबला. इंजिन बंद केलं. बॅटरीचा प्रकाश टाकून म्हणाले, "हे बघा साहेब."

इंजिन सांगाड्याला जिथे धरलेलं असतं, तिथला पुढचा डावा बोल्ट. आपले मिस्त्री त्याला 'फाउंडेशन बोल्ट' म्हणतात, आणि इतका चपखल शब्द कुठल्या इंजिनिअरला सुचला नसता. त्याच्या भोवती तपकिरी, तपकिरीसारखीच बारीक पूड जमली होती. दोन धातू एकमेकांवर घासले की अशी पूड पडते. गार्ड बसवताना मूळचा बोल्ट काढून लांब बोल्ट घातला होता आणि तो 'हाताच्या अंदाजानं' आवळला होता. अंदाज! आमच्याकडे कॅशमध्ये अंदाज केला तर घरी बसवतात.

मिस्त्रींनी पाना चालवायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे त्यांनी तो एक बोल्ट नुसता आवळला नाही. बाकीचे जागच्या जागी गच्च असताना एकच आवळला, तर इंजिन तिरकं ताणून बसतं. त्यांनी सगळे फाउंडेशन बोल्ट आधी थोडे थोडे सैल केले, इंजिनाला हलवून आपसूक बसू दिलं, आणि मग पुस्तकात दिलेल्या क्रमानं, पुस्तकात दिलेल्या आकड्याला, टॉर्क रेंचनं 'टक्' वाजेपर्यंत आवळले. अर्धा तास. "आणखी महिनाभर असंच चालवलं असतं तर?" मी विचारलं. "बोल्ट तरी गेला असता, नाहीतर ब्रॅकेट," ते म्हणाले. "तुम्ही फोम बसवला नाहीत ते बरं. मग तुम्ही आलाच नसता."

परतीच्या वाटेवर सहा हजारांना भुंगा होता. खोटं कशाला बोलू? पण भुंग्याचा चिलट झाला होता. एका सिलिंडरचा म्हणून जो काही सरकारी हिस्सा असतो, तेवढाच उरला. त्यातही एक गोष्ट माझ्याच घरची निघाली. पुतण्यानं वाढदिवसाला हँडलच्या टोकांना लाल रंगाची ॲल्युमिनियमची बोंडं बसवून दिली होती. कंपनीची मूळ पोलादी बोंडं ड्रॉवरमध्ये पडली होती. वजन करून पाहिलं तर लाल बोंड मूळच्याच्या तिसऱ्या हिश्शाचंही नव्हतं. मूळची परत बसवली. म्हणजे बोंडांना माझा विरोध नाही, हे ध्यानात घ्यावं. हिशेब जुळल्यावर उरलेले पैसे-दोन पैसे राउंडऑफला टाकावेत, त्यात पाप नाही. उरलेलं काम बसण्याच्या रीतीनं केलं: हँडल नारळाच्या झाडासारखं कवटाळायचं नाही, मांड्यांनी टाकी धरायची, कोपरं सैल सोडायची. मूठ जितकी घट्ट, तितकी थरथर हातात जास्त शिरते. माझं पोट टाकीवर टेकतं, त्यानं मनगटावरचा भार आणखी हलका होतो. या पोटाचा उपयोग झाल्याची आजवरची ही एकमेव नोंद.

आता राहिला रसिकांचा पक्ष. हे लोक म्हणतात, थरथर हा मोटरसायकलचा जिवंतपणा आहे, तिची नाडी आहे. मान्य. पण नाडी मनगटाच्या आतून लागावी, बाहेरून नव्हे. ज्या ब्रिटिश गाड्यांच्या थरथरीच्या नावानं हे रसिक डोळे मिटतात, त्यांचे कारखानदार स्वतः त्या थरथरीवर इतके खूश नव्हते. नॉर्टननं १९६७ साली कमांडो आणली, तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा चिमटा असा सगळा बाडबिस्तरा रबरावर टांगला, थरथर बसणाऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून. आणि ते रबरसुद्धा 'बसवलं आणि विसरलं' असं नव्हतं. त्याची फट पातळ चकत्या घालून मोजूनमापून ठेवावी लागे. रबर तेच, पण ते थरथरीच्या उगमापाशी बसवलं होतं. पुतण्याचा फोम माझ्या तळहाताशी होता.

आणि बोटांना सवय होते म्हणतात, ती कशी होते तेही ऐका. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी चुनखडीचा दगड तासणारे कामगार हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी वापरत. १९१८ साली डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी त्यांचे हात तपासले. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत आणि बधिर होत. त्यांना सवय झाली होती. युरोपात २००२ साली याबद्दल कायदेशीर निर्देशच काढला: कामगाराच्या हाताला आठ तासांच्या हिशेबानं अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी थरथर पोचली, की मालकानं उपाय सुरू करायचे, आणि पाचच्या वर जाऊच द्यायची नाही. मी रोज दोन तास गाडीवर असतो, दगड तासत नाही, हे मला समजतं. पण थरथरीलाही खातं असतं आणि त्यात रोजची जमा होते, हे बँकेतल्या माणसाला तरी समजायला हरकत नसावी.

गेल्या महिन्यात दुसऱ्या सर्व्हिसिंगला गाडी शोरूमला नेली. तोच मुलगा, तोच टाय. जॉबकार्डावर त्यानं मागच्या वेळचा शेरा उतरवून काढला होता: 'हँडल व्हायब्रेशन – नॉर्मल'. खाली ग्राहकाची सही मागितली. मी 'नॉर्मल'वर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'इंजिनाचा पुढचा डावा बोल्ट आपल्याकडून सैल राहिला होता. बाहेर आवळून घेतला. कृपया टॉर्क तपासावा.'

"सर, कार्डावर खाडाखोड चालत नाही," तो म्हणाला.

"चालते. शेजारी पूर्ण सही लागते," मी म्हणालो आणि केली. मग खाली ग्राहकाच्या जागी दुसरी केली. त्यानं दोन्ही सह्या एकाखाली एक धरून बराच वेळ पाहिल्या, आणि टॉर्क रेंच आणायला आत गेला.